एफएआय शेवटच्या आठवड्यातच का अडकतं?

वाचकाच्या पत्राचा सारांश: पत्रलेखक विमानांचे ॲल्युमिनिअमचे स्ट्रक्चरल भाग बनवणाऱ्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये क्वालिटी इंजिनिअर आहेत. मागच्या ऑर्डरचा पहिला नग वेळेत तयार झाला होता. पण एफएआयचा, म्हणजे पहिल्या नगाच्या तपासणीचा, अहवाल ग्राहकाने ३ वेळा परत पाठवला आणि तयार माल ६ आठवडे अडकून पडला. आता नवी ऑर्डर आली आहे: हार्ड ॲनोडाइझ (ॲल्युमिनिअमवर कठीण ऑक्साइडचा थर) होणारा ब्रॅकेट, त्यात दाबून बसवायचे बुश (धातूच्या छोट्या नळ्या), ड्रॉइंगवर मापं आणि टिपा मिळून २०० च्या वर बाबी. पहिल्या डिलिव्हरीला १४ आठवडे आहेत, त्यातले २ संपले. या वेळी तयारी आधीपासून करावी असं त्यांना वाटतं. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतात, "आधी जॉब तर निघू दे, कागद नंतर बघू." बलून, म्हणजे ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मागणीला दिलेले गोलातले क्रमांक, आपोआप टाकणारं सॉफ्टवेअर घ्यावं, की इन्स्पेक्शनला दोन माणसं वाढवावीत, आणि 'आधीपासून' म्हणजे नेमकं कधीपासून, हे त्यांना विचारायचं आहे.

नमस्कार,

सॉफ्टवेअर आणि माणसं हे दोन्ही विचार आठवडाभर बाजूला ठेवा. त्याआधी परत आलेले ते तिन्ही अहवाल काढा आणि ग्राहकाच्या प्रत्येक शेऱ्यासमोर एकच गोष्ट लिहा: ही चूक आपल्याला लवकरात लवकर कधी कळू शकली असती? सर्टिफिकेटवर स्पेसिफिकेशनची रिव्हिजन नाही, हा शेरा असेल तर ते प्लेटरला (कोटिंग करून देणाऱ्याला) पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, काढतानाच कळलं असतं. ड्रॉइंगवरच्या एखाद्या टिपेला बलून नाही, हे ड्रॉइंग हातात आलं त्या दिवशी. ॲनोडाइझनंतर बोअर (भोक) मापात नाही, हे तर कोटेशन करतानाच. यादी पूर्ण झाली की दिसेल, की मोजायला माणसं कमी पडली म्हणून आलेला शेरा जेमतेम एखादा असेल, बहुधा तोही नसेल. मग दोन माणसं वाढवून नेमकं काय सुधारणार?

तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे. तुमचं आणि तुमच्या मॅनेजरांचं भांडण वेळेवरून आहे, पण एफएआय म्हणजे तयार नगाची तपासणी आणि तिचे कागद, हे दोघांनीही मान्य केलेलं आहे. एएस ९१०२, म्हणजे विमान उद्योगातलं एफएआयचं स्टँडर्ड, तेवढंच मागत नाही. तुमची प्रक्रिया, म्हणजे तुमचा कच्चा माल, मशीन, प्रोग्रॅम, फिक्स्चर, बाहेरचे प्लेटर आणि मोजायची पद्धत हे सगळं मिळून ड्रॉइंगप्रमाणे भाग देऊ शकतं का, याचा पुरावा ते मागतं. नग हा त्या पुराव्याचा नमुना. तीन फॉर्म बघा. पहिल्यात पार्ट नंबर आणि त्याच्या पोटातल्या भागांची नोंद, दुसऱ्यात कच्चा माल, स्पेशल प्रोसेस आणि फंक्शनल टेस्ट, तिसऱ्यात प्रत्येक मापाचा आणि टिपेचा निकाल. यातल्या पहिल्या दोन फॉर्मांचं भवितव्य खरेदी विभाग ठरवतो, आणि तेही मशीनवर पहिली चिप निघायच्या आधी. इन्स्पेक्शनच्या हातात फक्त तिसरा फॉर्म आहे, तोही अर्धाच. स्टँडर्डच्या २०२३ च्या 'सी' रिव्हिजनमध्ये नियोजनावर जास्त भर दिलाय तो यामुळेच. तुमच्या मॅनेजरांना हे सांगताना 'कागद' हा शब्द वापरू नका. "कोणतं माप कोणत्या ऑपरेशनला निघणार आणि ते कसं मोजणार" असं विचारलंत, तर तो त्यांच्याच कामाचा प्रश्न आहे.

आता तुमच्या ब्रॅकेटचा एक बोअर जवळून बघू. तुम्ही माप दिलेलं नाही, म्हणून उदाहरणादाखल १२ एच७ धरतो. म्हणजे १२.००० ते १२.०१८ मिमी, एकूण टॉलरन्स (मापातला चालणारा फरक) १८ मायक्रॉन. हार्ड ॲनोडाइझची जाडी ५० मायक्रॉन धरा. त्यातली साधारण निम्मी धातूच्या आत जाते आणि निम्मी बाहेर वाढते, म्हणजे प्रत्येक बाजूने २५ मायक्रॉन. बोअरला दोन बाजू, म्हणून डायमीटर ५० मायक्रॉनने कमी होतो. मशीनवर १२.०१० काढलेला, सीएमएमवर (प्रोबने मापं घेणाऱ्या यंत्रावर) ओके झालेला बोअर प्लेटरकडून परत येतो तेव्हा ११.९६० च्या आसपास असतो. "मग आधीच ५० मायक्रॉन मोठा काढू," हे उत्तर लगेच सुचतं. पण जाडी कधीच बरोबर ५० येत नाही. ती ४० ते ६० मध्ये हलली, तर डायमीटर ४० ते ६० ने कमी होणार. हा नुसता कोटिंगचा फरकच २० मायक्रॉन झाला. टॉलरन्स १८ आहे आणि मशीनिंगचा फरक अजून धरलेलाच नाही.

म्हणजे हा बोअर या मार्गाने भरवशाने निघूच शकत नाही. मार्ग तीन उरतात: बोअरला मास्किंग करायचं (कोटिंग चढू नये म्हणून तो झाकायचा), ॲनोडाइझनंतर होनिंग किंवा लॅपिंग करायचं (घासून मापात आणायचं), किंवा ड्रॉइंगवरची मापं कोटिंगच्या आधीची की नंतरची हे ग्राहकाकडून लेखी घ्यायचं. पहिल्याने प्लेटरचा दर बदलतो, दुसऱ्याने तुमचं राउटिंग (ऑपरेशनांचा क्रम), तिसऱ्याला ग्राहकाचे डिझाइनर उत्तर देतील तेवढे दिवस लागतात. उत्तर मिळालं तरी मास्किंग चालणार का, हे ड्रॉइंग किंवा ग्राहकच ठरवणार, तुम्ही नाही. यातला एकही निर्णय तेराव्या आठवड्यात घेता येत नाही. कागदावर दहा मिनिटांत होणारा हा हिशेब नग तयार झाल्यावर केला, की त्याची किंमत सगळी बॅच असते.

'आधीपासून म्हणजे कधीपासून' याचं माझं उत्तर दोन टप्प्यांचं आहे. कोटेशनच्या वेळी पूर्ण नियोजन करावं, असं काही जण सांगतील. मला ते पटत नाही. दिलेली सगळी कोटेशनं ऑर्डर होत नाहीत; २०० बलून टाकून, प्रत्येकाची मोजणी ठरवून ऑर्डर दुसऱ्याला गेली तर ती मेहनत वाया गेली, आणि दोन-तीनदा असं झालं की लोक तो टप्पाच गाळतात. पण पीओ आल्यावर सुरुवात करणंही उशिराचं, कारण किंमत आणि मुदत तोवर कबूल झालेली असते. म्हणून कोटेशनच्या वेळी तास-दोन तासांची एकच नजर टाका, आणि तीही फक्त जीवघेण्या गोष्टींवर: कोटिंगमुळे बदलणारी घट्ट मापं, आपल्याकडे मोजायला साधन नाही अशी मापं, ग्राहकाने मंजूर केलेलाच प्लेटर किंवा मालाचा पुरवठादार हवा अशी अट, बाहेरून येणारे आणि स्वतःचं एफएआय लागणारे भाग, तपासणीला ग्राहकाचा माणूस हजर हवा अशी पीओमधली अट. बाकी सगळं पीओ आल्यावर, पहिल्या दोन आठवड्यांत.

त्या पूर्ण नियोजनाला प्रोग्रॅमर, प्लॅनर, खरेदीचा माणूस आणि तुम्ही असे चौघं एका टेबलाशी बसा. क्वालिटीने एकट्याने केलेला प्लॅन क्वालिटीच्याच फाईलमध्ये राहतो. समोर बलून टाकलेलं ड्रॉइंग हवं. बलून म्हणजे फक्त मापांना नव्हे. प्रत्येक टीप, टायटल ब्लॉकमधला सरसकट टॉलरन्स, कडा मोडण्याची सूचना, सर्फेस फिनिश, पार्ट मार्किंगची जागा, अक्षरांची उंची, शाईचं स्पेसिफिकेशन, यातली प्रत्येक मागणी स्वतंत्र बाब आहे. एका टिपेत तीन मागण्या असतील तर तीन बलून. चार भोकांना एकच माप दिलं असेल तरी मोजमापं चार हवीत. बेसिक डायमेन्शन (स्वतःचा टॉलरन्स नसलेलं, चौकटीतलं माप) मात्र स्वतंत्र मोजून नोंदवण्याची गोष्ट नाही. ती पोझिशन किंवा प्रोफाइलच्या, म्हणजे जागेच्या किंवा आकाराच्या टॉलरन्सच्या, निकालातून सिद्ध होते. पोझिशनला मटेरियल कंडिशनचा बोनस, म्हणजे भोकाच्या प्रत्यक्ष मापानुसार मिळणारा जास्तीचा टॉलरन्स, घेणार असाल तर त्या भोकाचा प्रत्यक्ष डायमीटरही नोंदलेला हवा, नाहीतर बोनस आला कुठून हे तपासणाऱ्याला कळणार नाही. ड्रॉइंगऐवजी थ्रीडी मॉडेल दिलं असेल, तर मॉडेलमधल्या कोणत्या पृष्ठभागांना कोणता सरसकट प्रोफाइल टॉलरन्स लागतो ते आधी वाचा. मॉडेलवर आकडा दिसत नाही म्हणून ती मागणी संपत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल इथेच सांगतो. ते बलून टाकण्याचा आणि आकडे टिपण्याचा एखाद-दोन दिवसांचा वेळ नक्की वाचवतं. वारंवार रिव्हिजन बदलणारी ड्रॉइंगं येत असतील तर घ्या. पण टिपेतल्या तीन मागण्या वेगळ्या करणं किंवा बोअरचा वरचा हिशेब मांडणं हे तुम्हालाच करावं लागेल.

बलून झाले की प्रत्येकासमोर भरायचे रकाने असे: ही बाब कोणत्या ऑपरेशनला तयार होते, शेवटची कुठे मोजता येते, कशाने मोजायची, आणि पुरावा कुठे राहणार. यातला 'शेवटची कुठे मोजता येते' हा रकाना बहुतेक शॉप भरतच नाहीत, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मोलाचा. तुमच्या ब्रॅकेटचंच घ्या. बुश दाबून बसवल्यावर त्याच्या मागचा बोअर मोजायला मिळत नाही. मास्किंग न करता कोटिंग झालेल्या भागाची कोटिंगआधीची मापं नंतर कुणी सांगू शकत नाही. पुढच्या ऑपरेशनला कापून जाणारा डेटम (ज्याच्यापासून मापं घेतात तो पृष्ठभाग) तर उरतच नाही. अंतिम नगावर जे मोजता येत नाही ते प्रक्रियेत मोजलेलं स्टँडर्डला चालतं, फक्त पुढच्या ऑपरेशनने ते माप बदलता कामा नये. पण त्यासाठी राउटिंगमध्ये त्या जागी तपासणीचा टप्पा छापलेला असावा लागतो. नसेल, तर ऑपरेटर बुश दाबून मोकळा होतो आणि तुमच्याकडे नग कापून बघण्याशिवाय मार्ग राहत नाही. बुश दाबल्यावर त्याचा आतला व्यासही थोडा आवळतो, म्हणून अंतिम रीमिंग (भोक बारीक कापून मापात आणणं) दाबल्यानंतर आहे का, हे त्याच बैठकीत बघून घ्या.

मोजायचं साधन ठरवताना नुसतं 'सीएमएम' लिहून पुढे जाऊ नका. कोणता प्रोब, तो तिथे पोचतो का, डेटमवर भाग कसा बसवायचा, हे लिहा. पातळ भिंतींचा, खोल पॉकेटचा ॲल्युमिनिअमचा भाग क्लॅम्प सुटताच वाकतो. प्लेट टी७३५१ असली, म्हणजे ताणून आतला ताण कमी केलेली असली, तरी मशीनिंगने बरंच मटेरियल काढल्यावर तो थोडाफार हलतोच. मग सपाटपणा मोकळ्या अवस्थेत मोजायचा की ड्रॉइंगने सांगितल्याप्रमाणे दाबून? दोन्हींचे आकडे वेगळे येतात, आणि तुमचा इन्स्पेक्टर एका पद्धतीने, ग्राहक दुसऱ्या पद्धतीने मोजत असेल तर भांडण ठरलेलं. तापमानही असंच. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असतात. ६०० मिमी लांबीचा ॲल्युमिनिअमचा भाग ५ अंशांनी गरम असेल तर साधारण ०.०७ मिमी लांब भरतो. मशीनवरून उतरवलेला नग लगेच सीएमएमवर चढवू नका; तो खोलीच्या तापमानाला यायला किती तास ठेवायचा, तेही प्लॅनमध्ये असू द्या.

विकत घ्यायची गेज ही पीओच्या पहिल्याच आठवड्यात मागवायची गोष्ट. ड्रॉइंगवर यूएनजे आटे (यूएन आट्यांचा विमानासाठीचा प्रकार) असतील तर आतल्या आट्यांचा मायनर (सगळ्यांत लहान) डायमीटर साध्या यूएनपेक्षा मोठा असतो. त्याला वेगळा प्लेन प्लग गेज लागतो आणि तो कपाटात असेलच असं नाही. १०० अंशांच्या काउंटरसिंकला (स्क्रूचं डोकं बसायच्या शंकूसारख्या खळग्याला) ९० अंशांचं गेज चालत नाही. अरुंद बोअरमधला फिनिश मोजायला स्टायलस आत जायला हवा. आतल्या कोपऱ्याची त्रिज्या मोजायला रेप्लिका (साच्यासारखा ठसा) घ्यायची असेल तर तेही साहित्य आधी आणून ठेवा. गेज आलं म्हणजे झालं असंही नाही, त्याचं कॅलिब्रेशन व्हायचं असतं. आणि ज्या मापाचा आकडा घेता येतो त्याला गो-नोगो (फक्त बसतं की नाही हे सांगणारं गेज) लावून 'ओके' लिहिण्याचा मोह टाळा. आकडा काढणं शक्य नसेल तिथेच 'ओके' योग्य, नाहीतर ग्राहक आकडा मागणारच.

दुसऱ्या फॉर्मची तयारी खरेदीच्या पीओमध्ये आहे. प्लेटरच्या पीओवर 'हार्ड ॲनोडाइझ करून द्या' एवढंच लिहिलं तर सर्टिफिकेटही तेवढंच येतं. पीओवर स्पेसिफिकेशन नंबर, रिव्हिजन, प्रकार, जाडी, सीलिंग हवं की नको, मास्किंग कुठे, आणि सर्टिफिकेटवर काय काय छापून हवं हे सगळं लिहा. तुमच्या ब्रॅकेटमध्ये नसलं तरी कॅडमियम प्लेटिंग केलेले हाय-स्ट्रेंग्थ स्टीलचे भाग बनवणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. हायड्रोजनमुळे येणारा ठिसूळपणा घालवायला प्लेटिंगनंतर ठरलेल्या वेळेत, बऱ्याच स्पेसिफिकेशननुसार ४ तासांच्या आत, बेकिंग सुरू व्हावं लागतं. सर्टिफिकेटवर प्लेटिंग संपल्याची आणि बेकिंग सुरू झाल्याची वेळ नसेल, तर ते वेळेत झालं हे नंतर कुणीच सिद्ध करू शकत नाही, आणि ते भाग टाकून द्यायची वेळ येते. कच्च्या मालाच्या सर्टिफिकेटवरचा हीट किंवा लॉट नंबर आणि प्लेटवर छापलेला नंबर माल आला त्याच दिवशी जुळवा. प्लेट कापून तुकडे झाल्यावर छापलेला नंबर कोणत्या तुकड्यावर गेला ते शोधत बसावं लागतं.

बुश स्टँडर्ड कॅटलॉगमधले असतील तर त्यांना एफएआय लागत नाही, सर्टिफिकेट पुरतं. पण कॅटलॉगचा बुश घेऊन त्यात काही बदल करणार असाल तर त्या बदललेल्या बाबींची तपासणी दाखवावी लागते. ड्रॉइंगवरून बनवलेले असतील, तर त्यांचा स्वतंत्र अहवाल ब्रॅकेटच्या असेंब्लीच्या पहिल्या फॉर्ममध्ये नोंदायचा असतो. बुशवाल्याचा अहवाल आला नाही तर तुमचा पूर्ण होणार नाही. त्यांच्या पीओवर अहवालाची तारीख मालाच्या तारखेआधीची टाका.

आता तुमच्या मॅनेजरांच्या "आधी जॉब निघू दे" या म्हणण्याकडे वळतो, कारण त्यात एक बरोबर गोष्टही आहे. मशीनवरून निघालेला अगदी पहिला नगच एफएआयला द्यावा असं स्टँडर्ड म्हणत नाही. पहिल्या प्रॉडक्शन रनमधला, नेहमीच्या प्रक्रियेतून निघालेला नग हवा. म्हणून प्रोग्रॅम आणि फिक्स्चर पारखायला एक नग आधी जरूर काढा. तो वाकतो का, टूल कुठे आवाज करतं, सीएमएमचा प्रोग्रॅम नीट चालतो का, हे सगळं त्याच्यावर बघा. त्यासाठी माल मागवतानाच एक-दोन ब्लँक (कापलेले कच्चे तुकडे) जास्त घ्या. नंतर एकाच ब्लँकसाठी प्लेट मिळवणं महाग पडतं. मात्र त्यानंतर प्रोग्रॅमची रिव्हिजन गोठवा, राउटिंगला सही करा, आणि मग एफएआयचा नग काढा. सगळ्यांत कसबी ऑपरेटरने हाताने घासून, फीड कमी करून जपून काढलेला नग कितीही सुंदर असला तरी पुढच्या ५० नगांबद्दल तो काहीच सांगत नाही. आणि एफएआय झाल्यावर प्रोग्रॅम, मशीन, प्लेटर किंवा मोजायची पद्धत बदलली, तर बदलाचा ज्या बाबींवर परिणाम होतो त्यांचं अंशतः एफएआय पुन्हा करावं लागतं. तेव्हा तुमचा हा रकान्यांचा तक्ता कामी येतो: कोणत्या ऑपरेशनला कोणते बलून निघतात हे त्यात आधीच आहे. उत्पादन २ वर्षं बंद राहिलं तरी एफएआय पुन्हा करावं लागतं, आणि ती मुदत शेवटचं ऑपरेशन संपल्यापासून पुन्हा काम सुरू होईपर्यंत मोजतात, डिलिव्हरीपासून नव्हे.

तुमचे १२ आठवडे उरलेत. ते शेवटाकडून मागे भरत या. शेवटचे २ आठवडे ग्राहकाला अहवाल तपासायला आणि शंकांची उत्तरं द्यायला राखून ठेवा. हे सगळ्यांत आधी कापले जातात आणि तेच सगळ्यांत जास्त लागतात. त्याआधी बुश बसवणं आणि अंतिम मोजमाप, त्याआधी प्लेटर. त्यांचा खरा लागणारा वेळ विचारा, दरपत्रकावरचा नव्हे. ही वजाबाकी झाली की मशीनिंगला किती दिवस उरतात ते तुमच्या मॅनेजरांसमोर ठेवा. तो आकडा बघितल्यावर बैठकीला बसायला ते बहुधा तयार होतील.

या आठवड्यात दोनच गोष्टी करा. बोअरबद्दलचा प्रश्न ग्राहकाला लेखी पाठवा, सोबत जाडीचा हिशेब जोडा, म्हणजे डिझाइनरला नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईल. आणि तुमच्याकडे नसलेल्या गेजची यादी खरेदीकडे द्या. एखादी बाब शेवटी मापाबाहेर गेलीच, तर ती अहवालात लपवू नका. नॉन-कन्फॉर्मन्स (मागणीत न बसल्याच्या नोंदीच्या) नंबरसह नोंदवा, कारण दुरुस्त करा, आणि तेवढ्याच बाबींची तपासणी पुढच्या नगावर पुन्हा दाखवा. उशीर होणार हे नवव्या आठवड्यात कळलं, तर नवव्याच आठवड्यात, उरलेल्या बाबींच्या यादीसह ग्राहकाला कळवा.